हेडफोनची समीक्षा : विशेषणांचे प्रामाण्य

कोणत्याही समीक्षेला एक मूलभूत अट असते. समीक्षक ज्या वस्तूविषयी बोलतो, ती वस्तू वाचकासमोरही असावी, निदान असू शकावी. कादंबरीच्या समीक्षेत वाचक तेच पान उघडू शकतो. चित्राच्या समीक्षेत तो त्याच भिंतीसमोर उभा राहू शकतो. मैफलीच्या समीक्षेत शेजारी बसलेला श्रोता तोच षड्ज त्याच क्षणी ऐकत असतो. समीक्षकाचा शब्द चुकला तर तो चुकला असे म्हणण्याचा अधिकार या समाईक वस्तूमुळे इतरांना मिळतो. गेल्या सुमारे सहा दशकांत समीक्षेचा एक असा प्रकार वाढीस लागला आहे की, ज्यात ही अट जवळजवळ पाळताच येत नाही. उच्च प्रतीच्या, बहुमोल हेडफोनची समीक्षा हा तो प्रकार होय. हेडफोन कानावर चढवल्याखेरीज त्याचा आवाज कळत नाही. आणि तो दुसऱ्याच्या कानावर चढवला की पहिल्याला ऐकू येईनासा होतो. मालक आणि पाहुणा, समीक्षक आणि वाचक, हे एकच आवाज एकाच वेळी कधीही ऐकत नाहीत. अशा स्थितीत त्या दोघांमध्ये केवळ शब्द उरतो. तो शब्द किती भार सोसू शकतो, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहणे अगत्याचे आहे. हेडफोन हे मुळात रसास्वादाचे साधन नव्हते. ते कामगाराचे हत्यार होते. टेलिफोनच्या देवघेव-केंद्रातील आणि बिनतारी संदेश टिपणाऱ्या माणसांच्या डोक्यावर ते प्रथम आले. नॅथॅनिएल बाल्डविन यांनी यूटा येथे तयार केलेले हेडफोन १९१० च्या सुमारास अमेरिकन नौदलाने स्वीकारले, ते संदेश स्पष्ट ऐकू यावेत म्हणून. कोणाला त्यांत संगीताचे सुख मिळावे म्हणून नव्हे. १९३७ साली बर्लिन येथील बायर यांच्या कारखान्याने ‘डीटी ४८’ हा गतिमान पद्धतीचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातील तारेच्या वेटोळ्याने पडदा हलवणारा, हेडफोन काढला. पुढे दीर्घकाळ तो ध्वनिमुद्रकांच्या आणि श्रवणशक्तीची तपासणी करणाऱ्यांच्या उपयोगी पडला.

घरी बसून संगीत ऐकण्यासाठी हेडफोन ही कल्पना रुजली ती १९५८ साली. त्या वर्षी मिलवॉकी येथे जॉन कॉस यांनी द्विवाही, म्हणजे स्टिरिओ, ध्वनिमुद्रिका ऐकण्यासाठी हेडफोन पुढे आणला. स्टिरिओ ध्वनिमुद्रिका बाजारात नुकत्याच येऊ लागल्या होत्या. त्यामुळे दोन कानांना दोन वेगळे प्रवाह देणाऱ्या या साधनाला योग्य मुहूर्त मिळाला. १९६० साली जपानमधील स्टॅक्स या संस्थेने स्थिरविद्युत् तत्त्वावर चालणारा ‘एसआर-१’ विक्रीस आणला. त्यातील पडदा अतिशय पातळ असतो आणि दोन छिद्रयुक्त विद्युद्-पट्टांमध्ये तो सर्व पृष्ठभागावर एकसमयी ओढला-ढकलला जातो. १९६८ साली सेनहायझर या जर्मन संस्थेने ‘एचडी ४१४’ हा पाठीमागून उघडा असलेला हलका हेडफोन काढला. बंद डबीतला आवाज आणि उघड्या जाळीतला आवाज हा भेद तेव्हापासून ग्राहकांच्या बोलण्यात रूढ झाला.

इथपर्यंत हेडफोन हे साधन आहे. त्याचे संग्राह्य वस्तूत रूपांतर झाले ते पुढे. १९८९ साली सोनीने ‘एमडीआर-आर१०’ हा झेलकोवा वृक्षाच्या जुन्या लाकडातून कोरलेल्या कवचांचा हेडफोन मोजक्या संख्येत काढला. १९९१ साली सेनहायझरने ‘ऑर्फियस’ हा स्थिरविद्युत् हेडफोन व त्याचा निर्वात नलिकांचा वर्धक यांची जोडी सुमारे तीनशेच्या संख्येत तयार केली. त्याच नावाचा वारसा सांगणारा ‘एचई १’ २०१५ साली जाहीर झाला. त्याच्या पडद्याची जाडी २.४ मायक्रोमीटर, वर्धकाचे घर कराराच्या संगमरवराचे, आणि किंमत त्या वेळी पन्नास हजार युरोंच्या आसपास. यंत्र सुरू केले की संगमरवरातून नलिका हळूहळू वर येतात. या शेवटच्या तपशिलाचा आवाजाशी संबंध नाही, हे कोणालाही मान्य होईल. तथापि वस्तू ऐकण्याआधीच ती पाहिली जाते आणि तिची किंमत ठाऊक असते, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

२

या वस्तूंविषयी जी भाषा वापरली जाते, तिचे जनकत्व बव्हंशी जे. गॉर्डन होल्ट या अमेरिकन लेखकाकडे जाते. १९६२ साली त्यांनी ‘स्टिरिओफाइल’ हे नियतकालिक काढले. त्या काळी ध्वनियंत्रांची परीक्षणे मुख्यतः प्रयोगशाळेतील आकड्यांवर चालत. यंत्र मोजून भागत नाही, ते ऐकले पाहिजे, असा होल्ट यांचा आग्रह होता. तो रास्त होता, कारण त्या काळच्या मापनपद्धतीतून सुटणारे दोष कानाला जाणवत होते. मग जे ऐकले ते सांगायचे कसे, हा प्रश्न आला. त्या गरजेतून ‘वॉर्म’, ‘ब्राइट’, ‘डार्क’, ‘ड्राय’, ‘ग्रेनी’, ‘एअरी’, ‘व्हेल्ड’ अशा विशेषणांची एक परिभाषा घडत गेली. होल्ट यांनी पुढे तिचा कोशही तयार केला. तो १९९० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. ही भाषा प्रथम लाउडस्पीकरसाठी घडली आणि नंतर जशीच्या तशी हेडफोनकडे आली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही सर्व विशेषणे परक्या इंद्रियांकडून उसनी घेतलेली आहेत. ‘वॉर्म’ त्वचेकडून, ‘ब्राइट’ आणि ‘डार्क’ डोळ्यांकडून, ‘ग्रेनी’ बोटांकडून, ‘एअरी’ अवकाशाच्या जाणिवेकडून. एका इंद्रियाचा शब्द दुसऱ्या इंद्रियाच्या अनुभवाला लावणे हा कोणत्याही भाषेचा स्वाभाविक व्यापार आहे, आणि त्यात मुळात काही दोष नाही. मराठीतही ‘गोड गळा’, ‘पातळ आवाज’, ‘भरीव स्वर’, ‘कोरडा सूर’ असे प्रयोग रूढ आहेत. परंतु मराठीत त्यांच्या जोडीला खास आवाजासाठीच वापरले जाणारे शब्दही पुष्कळ आहेत. घोगरा, किनरा, चिरका, खणखणीत, बसका ही विशेषणे ऐकली की माणसाला कोणतेही दुसरे इंद्रिय आठवत नाही; विशिष्ट माणसाचा वा भांड्याचा आवाजच आठवतो. त्यांचा अर्थ लहानपणी शिकवला गेला तो आवाज समोर असताना.

याउलट इंग्रजी परिभाषेचे शब्दशः भाषांतर करून ‘उबदार आवाज’, ‘तेजस्वी आवाज’ असे प्रयोग अलीकडे मराठीत होऊ लागले आहेत. त्यांतील शब्द मराठी आहेत. त्यांचा संकेत मात्र मराठी नाही. ‘उबदार’ म्हटल्याने मराठी वाचकाला गोधडी आठवते. मंद्र स्वरांचे व त्यांच्या लगतच्या वरच्या पट्ट्याचे प्रमाण किंचित वाढलेले आहे, हा इंग्रजी परिभाषेतील अभिप्रेत अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शब्द प्रवास करून आला. ज्या प्रसंगी त्याचा अर्थ ठरला तो प्रसंग मागेच राहिला.

३

हेडफोन-समीक्षेतील विशेषणांचे तीन वर्ग करता येतात. त्यांचे प्रामाण्य सारखे नाही.

पहिल्या वर्गात ज्यांच्यामागे तपासता येईल असा ध्वनिधर्म आहे ती विशेषणे येतात. यासाठी एक उदाहरण पुरे आहे. सेनहायझरने २००९ साली ‘एचडी ८००’ काढला, तेव्हा त्याच्या विस्तीर्णतेची स्तुती झाली. त्याचबरोबर तो तीक्ष्ण आहे, गाण्यातील ‘स’कार बोचतात, अशी तक्रारही अनेकांनी केली. मापनात ६००० हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा आढळला. २०१६ साली निघालेल्या ‘एचडी ८०० एस’ या सुधारित रूपात अनुनाद शोषून घेणारी योजना बसवलेली होती, आणि तो उंचवटा उतरला. येथे ‘तीक्ष्ण’ हा शब्द केवळ उद्गार नव्हता. त्याने एका जागेकडे बोट दाखवले, ती जागा सापडली, ती दुरुस्त झाली, आणि दुरुस्तीनंतर तक्रार ओसरली. विशेषणाचे प्रामाण्य याहून अधिक स्पष्टपणे सिद्ध होणे कठीण.

दुसऱ्या वर्गात वस्तूपेक्षा श्रोत्याची अवस्था सांगणारी विशेषणे येतात. आवाज ‘थकवत नाही’, ‘गुंतवून ठेवतो’, ‘निवांत आहे’ ही विधाने खरी असू शकतात. पण ती त्या श्रोत्याविषयी, त्या रात्रीविषयी आणि त्या ध्वनिमुद्रणाविषयी खरी असतात. आत्मवृत्ताला जे प्रामाण्य असते ते त्यांना आहे. मात्र ती वस्तूचा गुण म्हणून मांडली गेली की त्यांची कोटी बदलते आणि ती फसवी होतात.

तिसऱ्या वर्गात, ज्यांना कोणताही विरोधी शब्द संभवत नाही अशी विशेषणे येतात. ‘परिष्कृत’, ‘दर्जेदार’, ‘वरच्या श्रेणीचा’, ‘संदर्भयोग्य’ ही त्यांची उदाहरणे. जो शब्द स्वस्त हेडफोनला कधीच लावला जात नाही, तो आवाजाचे वर्णन करीत नसून किमतीचे पुनरुच्चारण करीत असतो. एखाद्या विशेषणाचा अर्थ त्याच्या व्यावर्तकतेत असतो. जे काहीच वगळत नाही, ते काहीच सांगत नाही.

या तिसऱ्या वर्गाच्या बाबतीत एका अभ्यासाचा निष्कर्ष लक्षात घेण्याजोगा आहे. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली अमेरिकन ध्वनिशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात २८३ हेडफोनांच्या मापनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हेडफोनचा वारंवारता-प्रतिसाद, म्हणजे खर्जापासून तारापर्यंतच्या स्वरांना तो देत असलेले सापेक्ष बळ, आणि त्याची किंमत यांत सहसंबंध आढळला नाही, हा त्याचा निष्कर्ष. यावरून महाग हेडफोन व्यर्थ असतात असे मात्र निष्पन्न होत नाही. विकृतीचे प्रमाण, दोन्ही बाजूंची जुळणी, बांधणीचा टिकाऊपणा, कानाला होणारे सुख यांचा विचार त्या निष्कर्षात नाही. निष्पन्न एवढेच होते की, स्वरांच्या समतोलाविषयी बोलताना किंमत हा पुरावा म्हणून वापरता येत नाही. आणि समीक्षेतील बहुसंख्य विशेषणे तर स्वरांच्या समतोलाविषयीच असतात.

४

यावर असा उपाय सुचवला जाईल की, विशेषणे सोडून द्यावीत आणि आलेख द्यावा. हा उपाय वाटतो तितका सरळ नाही. त्याचे कारण ‘तटस्थ’ या एका शब्दाच्या विश्लेषणातून स्पष्ट होईल.

लाउडस्पीकर तटस्थ आहे, म्हणजे त्याच्यासमोर ठेवलेल्या ध्वनिग्राहकाला सर्व वारंवारता सारख्या बळाने मिळतात, असे साधारणपणे म्हणता येते. हेडफोनच्या बाबतीत ही व्याख्या निरुपयोगी ठरते. बाह्यकर्णाच्या वळ्या आणि सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची कर्णनलिका ही स्वतःच एक वाद्य आहे. ३००० हर्ट्झच्या आसपास ती स्वाभाविक अनुनादाने ध्वनी वाढवते. माणूस जन्मभर हा वाढलेला ध्वनीच ऐकत आल्यामुळे त्याला तो सम वाटतो. म्हणून कर्णपटलापाशी ‘सपाट’ मोजला जाणारा हेडफोन ऐकणाऱ्याला निर्जीव भासतो. मग हेडफोनने कशाचे अनुकरण करावे? गुंटर थाइल यांनी १९८६ साली सर्व दिशांनी सारख्या येणाऱ्या विकीर्ण ध्वनिक्षेत्राचा आदर्श पुरस्कारला. २०१२ नंतरच्या वर्षांत हार्मन या संस्थेतील शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या खोलीतील चांगल्या लाउडस्पीकरचा आदर्श धरून श्रोत्यांच्या पसंतीवर आधारलेली एक लक्ष्यरेषा मांडली. या दोन आदर्शांप्रमाणे ‘तटस्थ’ ठरणारे हेडफोन वेगवेगळे असतात. अर्थात ‘तटस्थ’ हा शब्द निरपेक्ष दिसत असला तरी सापेक्ष आहे. त्यात ‘कशाच्या मानाने’ हे पद अध्याहृत असते, आणि ते पद न सांगता तो वापरणे म्हणजे वाक्य अर्धे सोडणे होय.

शिवाय आलेख ज्या कृत्रिम कानावर घेतला जातो, तो वाचकाचा कान नसतो. गादी कानाभोवती किती घट्ट बसते यावर खर्ज अवलंबून असतो. चष्म्याच्या काडीनेही तो गळतो. फार वरच्या वारंवारतांत तर कानाच्या आकारातील किरकोळ फरकही आलेख बदलतात. मापन विशेषणाला आधार देऊ शकते. त्याची जागा घेऊ शकत नाही. लुडविग विटगेनश्टाइन यांच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ या ग्रंथात माहीत असणे आणि सांगता येणे यांतील अंतराची चर्चा आहे. पर्वताची उंची माहीत असूनही सांगता येत नाही, हे संभवत नाही. सनईच्या जातीच्या क्लॅरिनेट या वाद्याचा नाद कसा असतो हे मात्र माहीत असूनही सांगता येत नाही. हेडफोन-समीक्षा नेमकी या दुसऱ्या जातीच्या ज्ञानावर उभी आहे. ती पर्वताच्या उंचीसारखी बोलू लागते, तेव्हा तिचा तोल जातो.

५

नादाच्या वर्णनाचा प्रश्न नवा नाही, आणि महाराष्ट्राच्या भूमीत तरी तो खासच नवा नाही. देवगिरीचा यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या प्रकीर्णक अध्यायात गायकाच्या आवाजाचे, म्हणजे तेथील परिभाषेत ‘शब्दा’चे, खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्रक असे चार प्रकार, पंधरा गुण आणि आठ दोष सांगितले आहेत. ग्रंथ कंठाविषयी बोलतो, यंत्राविषयी नाही. तरीही गुणांना नावे देण्याची त्याची रीत तुलनेसाठी उद्बोधक आहे. ‘त्रिस्थानक’ म्हणजे मंद्र, मध्य आणि तार या तिन्ही स्थानांत ज्याचा गुण टिकतो तो आवाज; ‘श्रावक’ म्हणजे दूरवर ऐकू जाणारा. हे शब्द केवळ स्तुतिपर नाहीत. पहिल्यासाठी गायकाला तिन्ही स्थानांत गायला लावावे, दुसऱ्यासाठी श्रोत्याने चालत दूर जावे: प्रत्येक शब्दात त्याची परीक्षा गर्भित आहे. त्याच यादीत ‘मधुर’ आणि ‘सुखावह’ हेही आहेत आणि त्यांना अशी परीक्षा नाही, हे मान्य केले पाहिजे. परंपरेची यादीही संमिश्र आहे. तथापि परीक्षा असलेले आणि नसलेले शब्द तिच्यात शेजारी-शेजारी बसलेले आहेत, आणि वाचकाला ते वेगळे करता येतात.

चालू व्यवहारात याहूनही बोलके उदाहरण पट्टीच्या नावांचे आहे. गाणारा ‘काळी दोन’ म्हणतो, ‘पांढरी चार’ म्हणतो. हे शब्द रंगाचे आहेत; इंग्रजी परिभाषेतील ‘डार्क’ आणि ‘ब्राइट’ हेही प्रकाशाचेच आहेत. पण ‘काळी दोन’विषयी कोणाचे दुमत होत नाही, कारण तिच्यामागे पेटीची पट्टी आहे आणि ती कोणीही दाबू शकतो. ‘डार्क’ हेडफोन कोणता, याविषयी मात्र दोन समीक्षकांचे एकमत होईलच असे नाही, कारण दाबून पाहण्याजोगी पट्टी त्यांच्यामध्ये नाही. मिरजेतील तंबोरा करणारे कारागीर जवारी उघडी की बंद याविषयी बोलतात, तेव्हाही हेच घडते. घोडीचा पृष्ठभाग किंचित घासला, तारेखालचा दोरा जरासा सरकवला की आवाज बदलतो. करणारा आणि करवून घेणारा दोघेही तो बदल त्याच क्षणी ऐकतात, आणि त्या क्षणी शब्दाचा अर्थ दोघांत पक्का होतो. अर्थ शब्दात नसतो, रूपकातही नसतो. तो समाईक कृतीत ठरतो. उसने रूपक अशा कृतीला बांधले गेले तर ते पारिभाषिक संज्ञा होते. न बांधले गेले तर ते अलंकार राहते.

६

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या प्रथम कांडात असे म्हटले आहे की, रत्नांची आणि नाण्यांची पारख ही जाणकारांना केवळ अभ्यासाने येते, ती अनुमानाने मिळत नाही आणि दुसऱ्याला शब्दांत सांगताही येत नाही. मग हेडफोनचा मुरलेला जाणकार हाही असाच पारखी का मानू नये? त्याच्या ज्ञानाचे शब्दांकन सैल असेल. ज्ञान खोटे कशावरून?

आक्षेपातील पहिला भाग मान्यच करावा लागतो. वर्षानुवर्षे काळजीपूर्वक ऐकलेला कान नवख्या कानापेक्षा अधिक भेद टिपतो, यात शंका नाही. परंतु सराफाच्या आणि समीक्षकाच्या स्थितीत एक महत्त्वाचा फरक आहे. सराफाच्या पेढीवर रत्न दोघांच्या मध्ये ठेवलेले असते. दुसरा सराफ तेच रत्न त्याच उजेडात पाहतो. पारख चुकली तर नुकसान पारख्याच्या पदरात पडते. पारख सांगता येत नसली तरी ती उघडी पडू शकते. हेडफोनच्या समीक्षकापाशी दुसरा पारखी नसतो, रत्न मध्ये ठेवता येत नाही, वस्तू बहुधा उत्पादकाकडून वा विक्रेत्याकडून काही दिवसांपुरती आलेली असते, आणि चुकीच्या पारखेचे मोल वाचक चुकवतो. भर्तृहरीच्या पारख्याचा मान ज्या शिस्तीमुळे आहे, ती शिस्त येथे आपोआप येत नाही. ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

ती लावून न घेतल्यास काय होते, हे ज्ञात आहे. दोन यंत्रांच्या आवाजाच्या पातळीत एक डेसिबलइतका लहान फरक असला तरी मोठे वाजणारे यंत्र ‘मोठे’ न वाटता ‘चांगले’ वाटू शकते. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली लाउडस्पीकरांच्या बाबतीत दाखवून दिले की, यंत्र दिसत असताना श्रोत्यांनी दिलेली पसंती आणि यंत्र झाकल्यावर दिलेली पसंती यांत लक्षणीय अंतर पडते. हेडफोनच्या बाबतीत झाकण्याचा उपायही पुरेसा नाही, कारण त्याचे वजन आणि गादीचा स्पर्श डोक्याला कळतोच. म्हणून ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे एकाच हेडफोनमधून निरनिराळ्या हेडफोनांचे प्रतिसाद अनुकरणाने ऐकवण्याची युक्ती योजली. विशेष म्हणजे या समीक्षेचे जनक होल्ट यांनीच २००७ साली, मृत्यूपूर्वी दोन वर्षे, अशा झाकलेल्या परीक्षांना नकार दिल्यामुळे उच्च प्रतीच्या ध्वनियंत्रांच्या क्षेत्राने आपली विश्वासार्हता गमावली, असा स्पष्ट अभिप्राय दिला. आकड्यांच्या विरुद्ध कानाचा पक्ष घेणाऱ्या माणसाचा हा अभिप्राय आहे. कानावर विश्वास ठेवायचा तर कानाला साक्षीदार द्यावा लागतो, हे त्यांना उमगले होते.

७

तरीही ही भाषा केवळ दोषास्पद ठरवणे अन्यायाचे होईल. एड्रियन लेरर या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने वाइनविषयी लोक कसे बोलतात याचा अभ्यास करून १९८३ साली ‘वाइन अँड कॉन्व्हर्सेशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्याने केलेल्या वर्णनावरून वाइन ओळखण्यात सामान्य बोलणाऱ्यांना फारसे यश येत नाही, असे त्यात आढळते. पण म्हणून ते बोलणे थांबवीत नाहीत, कारण त्या बोलण्याचे कार्य केवळ माहिती देणे हे नसते. एकत्र चाखणाऱ्यांना ते एकत्र आणते. हेडफोनच्या भाषेचेही असे एक कार्य आहे, आणि येथे ते अधिक निकडीचे आहे. वाइन निदान एकाच बाटलीतून दोघांच्या पेल्यात पडते. हेडफोनवर ऐकणारा मात्र पूर्णपणे एकटा असतो. मैफलीत सम गाठली की शेजाऱ्याची मान हलते आणि आपण ऐकले ते खरे होते याची खूण पटते. दाद ही केवळ गायकाला दिलेली पावती नसते, ती श्रोत्यांनी परस्परांना दिलेली साक्षही असते. हेडफोनवर तीच सम तितक्याच, कदाचित अधिकच, सूक्ष्मतेने ऐकू येते. पण मान हलवणारे कोणी नसते. रसिक मग शब्दांकडे वळतो. त्याची विशेषणे सैल असतात, अतिशयोक्त असतात, परंतु त्यांच्या तळाशी ‘हे तुलाही ऐकू येते का?’ हा प्रश्न असतो. तो प्रश्न प्रामाणिक आहे.

या प्रश्नाला उत्तर मिळणे शक्य व्हावे, एवढीच समीक्षेकडून अपेक्षा आहे. त्यासाठी तिने काही साध्या गोष्टी पाळाव्यात. विशेषण वापरताना ते कोणत्या ध्वनिमुद्रणातील कोणत्या स्थळी सुचले ते सांगावे, म्हणजे वाचकाला आपल्या हेडफोनवर तेच स्थळ ऐकता येईल आणि निदान ध्वनिमुद्रण तरी समाईक होईल. एका हेडफोनचे वर्णन सुटे न करता दुसऱ्या, सर्वत्र मिळणाऱ्या हेडफोनच्या तुलनेने करावे. १९९७ साली निघालेला आणि आजवर वापरात असलेला ‘एचडी ६००’ हा या कामी पेटीच्या पट्टीसारखा उपयोगी पडू शकतो. तुलना करताना आवाजाची पातळी जुळवली होती की नाही, हे नमूद करावे. ‘तटस्थ’ म्हणताना कोणत्या आदर्शाच्या मानाने हे लिहावे. श्रोत्याची अवस्था सांगणारे विधान श्रोत्याच्या नावावर ठेवावे, वस्तूच्या नव्हे. आणि ज्या विशेषणाला विरोधी शब्द नाही ते गाळावे. मराठीत लिहिणाऱ्यांनी याखेरीज आणखी एक पथ्य पाळावे: ‘उबदार’ लिहिण्यापूर्वी ‘भरीव’ पुरेसा आहे का, ‘तेजस्वी’ लिहिण्यापूर्वी ‘खणखणीत’, ‘किनरा’ की ‘चिरका’ यांपैकी नेमके काय म्हणायचे आहे, हे तपासावे. या तीन शब्दांतील भेद मराठी कानाला शिकवावा लागत नाही. एकट्या ‘ब्राइट’मध्ये मात्र ते तिन्ही बुडून जातात.

यामुळे हेडफोनच्या मालकाचे एकटेपण संपणार नाही. ते त्या वस्तूच्या रचनेतच आहे. दोन माणसांना एकच हेडफोन एकाच वेळी घालता येत नाही. पण एकाने ऐकावे, नेमके सांगावे, हेडफोन दुसऱ्याच्या हाती द्यावा, आणि दुसऱ्याने त्याच स्थळी तेच शोधून होय किंवा नाही म्हणावे, एवढे शक्य आहे. या ‘नाही’ला जी समीक्षा जागा ठेवते, तीच समीक्षा या नावाला पात्र आहे, बाकीची कितीही सुंदर विशेषणांनी लिहिलेली असली तरी ती किमतीची टीप होय.